बाबांचं विसरणं

सासूबाई गेल्या आणि सहाएक महिन्यांत बाबा, म्हणजे माझे सासरे, विसरायला लागले. निवृत्त गणिताचे मास्तर, मधुमेह जुना. जेवून उठले की पुन्हा ताट मागायचे. कोटाच्या खिशात पेढ्यांचा कागद सापडला तेव्हा म्हणाले, "मधुमेह आहे हे विसरलोच गं!"

गुजरातेतल्या आमच्या शहराच्या नव्या भागात, अलकापुरीत, मी नुकतीच एका परदेशी कंपनीच्या ऑफिसात लागले होते. आमच्या डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही. मग नणंदेने जुन्या गावातल्या घडियाळी पोळ या गल्लीतल्या वैद्यबाई सुचवल्या. टीव्हीवर तेव्हा दर दहा मिनिटांनी स्मरणशक्तीच्या बाटल्यांची जाहिरात लागायची, त्यामुळे माझा आधीच विश्वास नव्हता. बाईंनी नाडी दोन मिनिटं पाहिली आणि पाऊण तास नुसत्या गप्पा मारल्या. घरात किल्ल्या कुणाकडे असतात, हेही विचारलं. सासूबाई गेल्यापासून त्या माझ्याकडे होत्या. किल्ल्यांशी यांचं काय काम?

निघताना त्यांनी बाबांना पाच शब्द दिले. दिवा, सुई, ऊस, छत्री, घंटा. "पुढच्या सोमवारी मला सांगायचे." शिवाय ब्राह्मीचं चूर्ण. त्यात झोपेची गोळी कुटून घातली असेल असं मला वाटत होतं. चिमूटभर चूर्ण पुडीत बांधून मी मैत्रिणीच्या नवऱ्याकडे दिलं; तो औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. "पाला आहे नुसता," तो म्हणाला. तरी माझं समाधान झालं नाही.

सोमवारी बाबांनी पाचही शब्द घडाघडा म्हणून दाखवले. मग उलटेही म्हटले, मास्तरांच्या ऐटीत. बाईंनी त्यांना बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या, "यांची स्मृती शाबूत आहे. आमच्या शास्त्रात बुद्धी बिघडते ती तीन तऱ्हांनी. धी म्हणजे बरंवाईट कळणं. धृती म्हणजे कळल्यावर मनाला आवरणं. स्मृती म्हणजे आठवण. यांची धृती ढळलीय. कळतं सगळं, आवरत नाही."

"म्हणजे खोटं बोलतात?"

"असं मी म्हटलेलं नाही, बेन."

मला मात्र तेवढंच ऐकू आलं. रिक्षात मी सरळ विचारलं. बाबा बाहेर बघत म्हणाले, "तुझी सासू रागवायची ते चालायचं. तू रागावलीस की परक्या घरी आल्यासारखं वाटतं. विसरलो म्हटलं की कुणी रागवत नाही."

त्यानंतर ते खरंच सुधारले. चूर्ण नेमाने घ्यायचे, साखर आटोक्यात आली. माझा संशय मात्र गेला नाही. चष्मा हरवला, नळ चालू राहिला, तरी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे, हसू दाबतायत का ते.

तीन-चार वर्षांनी एका रविवारी दुपारी ते दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "बेन, आ घर कोनुं छे?" हे घर कुणाचं, असं विचारत होते, आणि घरात ते माझ्याशी कधी गुजराती बोलत नसत.

"बाबा, पुरे झालं नाटक."

त्यांनी हात जोडले, चुकून आलो म्हणाले आणि जिना उतरू लागले. मी जागची हलले नाही. ते अनवाणी रस्त्यावर पोचल्याचं गॅलरीतून दिसलं तेव्हा धावले.

डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन काढला. वैद्यबाईंकडेही नेलं. "आता मात्र स्मृतीच," त्या म्हणाल्या. "कधीपासून होतंय?"

"आठवडाभर झाला असेल," मी म्हणाले.

मी नाटक समजत होते, त्याला वर्ष होऊन गेलं होतं.