दुसरा येईपर्यंत

रुखसाना खडू वर्गापेक्षा अंगणात जास्त झिजवायची. आमच्या पनवेलच्या कॉलेजच्या मागे एक बदामाचं झाड आहे. मार्च आला, तिसऱ्या वर्षाचा शेवटचा तास आला, की ही बाई ओढणी कमरेला बांधून त्या झाडाभोवती भलंमोठं वर्तुळ काढायची. मी तिथे रुजू झाले तेव्हा पहिल्यांदा ते पाहिलं आणि मला वाटलं, मायक्रोबायॉलॉजीच्या पोरांना ही खो-खो शिकवतेय की काय. मी मुळातच फटकळ. तसं तोंडावर विचारलंसुद्धा. ती हसून म्हणाली, "ये की, तू पण पळ. जरा वजन उतरेल."

वर्तुळ म्हणजे जिवाणूचा डीएनए. तो बांगडीसारखा गोल असतो. पेशी दुभंगण्याआधी त्याची नक्कल व्हावी लागते. ते काम एका ठरावीक जागी सुरू होतं आणि तिथून नक्कल करणाऱ्या दोन तुकड्या पाठीला पाठ लावून दोन दिशांना निघतात. समोरच्या बाजूला त्यांची गाठ पडली की काम संपतं. रुखसाना दोन पोरांना असं पाठीला पाठ लावून उभं करायची आणि पळवायची. स्वतः मात्र वर्तुळाच्या पार दुसऱ्या टोकाला हात पसरून उभी राहायची. ती म्हणजे टस नावाचं प्रोटीन. हे डीएनएला एका जागी घट्ट धरून बसतं. एका बाजूने येणाऱ्याला वाट देतं, दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला पुढे जाऊ देत नाही.

पोरांमध्ये एखादा जोरात पळून आधी पोहोचायचाच. त्याला ती दोन्ही हातांनी अडवायची. "कुठं चाललास? दुसरी येतेय ना मागून. थांब तिच्यासाठी." मग तिच्या पाठीमागून, दुसऱ्या बाजूने, धापा टाकत कोणी पोरगी आली की ही बाजूला व्हायची. दोघांचे हात एकमेकांना लागायचे आणि ही टाळी वाजवायची. "पळणारे ढिगानं मिळतात गं," मला म्हणायची, "सब्र शिकवणारं एखादंच असतं." मागच्या बाकावरचे "मॅडम, टस से मस होत नाहीत" हा विनोद दरवर्षी करायचे, आणि दरवर्षी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

तिचा नवरा इक्बाल दम्मामला नोकरीला होता. तिच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात, त्यामुळे त्याचं कोणाला विशेष वाटत नसे. तो वर्षाआड यायचा, खजूर आणि अत्तराच्या बाटल्या आणायचा, आमच्या स्टाफरूमला कितीतरी दिवस अत्तराचा वास यायचा, आणि तो परत जायचा. पासपोर्ट तिथल्या मालकाकडे. मालकाने परवाना दिल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. रुखसाना डबा उघडता उघडता सांगायची, "ते पण टसच आहे बघ, सुनीता. आत जायला रस्ता मोकळा, बाहेर पडायला कुलूप." असं म्हणून तांदळाची भाकरी माझ्या डब्यात टाकायची. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. वर्षाचा तो तास झाला की ती त्याला फोनवर सगळं सांगायची, कोण पळालं, कोण पडलं. तो म्हणायचा, एकदा मला बघायचंय. ती म्हणायची, मग मार्चमध्ये रजा घे. मार्चमध्ये त्याला कधीच रजा मिळाली नाही.

मग तिची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस सुरू झालं. ही बाई डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सुजलेले पाय चपलेत कोंबून तासाला यायची. मी ओरडायचे. म्हटलं, घरी बस, तुझे तास मी घेते. ती म्हणायची, "बाकीचे घे. मार्चचा नको. तो माझा." कोन गावाहून येणारी वैशाली नावाची एक विद्यार्थिनी होती, शेतकऱ्याची पोर. ती मॅडमची बॅग धरायला एसटी स्टँडपर्यंत जायची. एकदा म्हणाली, "मॅडम, तुमी नका येऊ. आमी येतो तुमच्या घरी शिकाया." रुखसाना तिला म्हणाली, "घरात एवढं वर्तुळ कुठं काढू?"

जानेवारीत तिला हॉस्पिटलात हलवलं ते परत आणलंच नाही. इक्बालने मालकाकडे अर्ज केला होता. मालक गावाला गेलाय, सही झाली नाही, आज होईल, उद्या होईल. मी रोज कॉलेज सुटलं की जायचे. ती जागी असली की पहिला प्रश्न एकच, "परवाना आला?" मी म्हणायचे, येतोय. एके दिवशी तिने माझं मनगट धरलं. हातात ताकद उरली नव्हती, तरी धरलं. "तो येईपर्यंत मला थांबव." मी काय थांबवणार होते? मी हो म्हटलं.

सही झाली. विमानाचं तिकीट निघालं. मी धावत जाऊन तिला ते सांगितलं, तेव्हा तिने डोळे उघडून "खरं?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. इक्बालचं विमान त्या दिवशी रात्री सुटायचं होतं.

मी तिच्या दिराच्या फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं होतं. म्हटलं, एक रात्र ठेवा, बर्फ आणते, काय लागेल ते करते, त्याला तोंड तरी बघू द्या. मोहल्ल्यातल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. दीर स्वतः रडत होता. म्हणाला, "बाई, आमच्यात मय्यतला थांबवत नाहीत. तिचा त्रास वाढवल्यासारखं होतं." माझा संताप झाला, पण त्याच्यावर कसा काढणार? त्याचं त्याच्या परीने बरोबर होतं. दुपारच्या नमाजनंतर तिला नेलं. इक्बाल दुसऱ्या दिवशी आला आणि विमानतळावरून थेट कब्रस्तानात गेला. माती अजून ओली होती.

मार्च आला. मुलांनीच मला झाडाखाली नेलं. वर्तुळ वैशालीने काढलं, जरा वाकडंच. इक्बाल अजून दम्मामला परतला नव्हता; मी त्याला निरोप धाडला होता, पण तो येईल असं वाटलं नव्हतं. तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी, झाडाला टेकून उभा राहिला, एखादा पालक शाळेत येऊन उभा राहतो तसा.

मी तिच्या जागी उभी राहिले. जोरात पळणारा मुलगा आधी आला. मी हात पसरले आणि तिचेच शब्द म्हटले, दुसरी येतेय मागून, थांब तिच्यासाठी. तो थांबला. थोड्या वेळाने माझ्या पाठीमागून वैशाली आली, मी बाजूला झाले, त्यांचे हात लागले. टाळी कोणी वाजवली नाही. मुलं खाली बघत वर्गाकडे गेली.

इक्बाल माझ्याजवळ आला. "ती इथंच उभी राहायची?"

"इथंच."

तो वाकून खडूची ती रेघ बघू लागला. मग हळूच म्हणाला, "एक विचारू, मॅडम? मला यातलं काही कळत नाही. दुसऱ्याला यायला उशीर झाला, तर ते प्रोटीन काय करतं? थांबतं, की सोडून जातं?"

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हे विचारलं नव्हतं. उत्तर मला माहीत होतं. रुखसानानेच मला ते समजावून सांगितलं होतं. ती पकड फार घट्ट असते, पण कायमची नसते. दुसरा आलाच नाही, तर काही वेळाने ती आपोआप सुटते, आणि त्यात कोणाचा दोष नसतो.

"थांबतं," मी म्हटलं. "दुसरा येईपर्यंत थांबतं, इक्बालभाई. सोडून जात नाही."

त्याने मान हलवली. मग टोपी डोक्यावर घातली आणि खडूची रेघ पुसली जाऊ नये म्हणून वर्तुळाला बाहेरून वळसा घालून फाटकाकडे गेला.