टॅकेटच्या गादीवर

टॉलिव्हर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या कचेरीत व्हर्ना प्रुइट कामाला लागली तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. आता नवरा जाऊन बरीच वर्षं लोटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती मुख्य कोचच्या दाराबाहेरच्या टेबलावरच बसे. आत बसणारी माणसं मात्र बदलत गेली.

पहिला होलिस टॅकेट. अलाबामाच्या लाल मातीत वाढलेला, बैलासारख्या मानेचा माणूस. तो मैदानावर ओरडला की पलीकडच्या चर्चमध्ये पाद्र्याचं प्रवचन अडखळतं, असं गाव म्हणायचं. हिवाळ्यात आपला खटारा ट्रक घेऊन तो शेतवाड्यांवर हिंडायचा, कुणाच्याही स्वयंपाकघरात बसून ताटात पडेल ते खायचा आणि निघताना त्या घरचा दांडगा पोरगा कॉलेजसाठी मागून घ्यायचा. रविवारी व्हर्नाला त्या पोरांच्या आयांना फोन लावून द्यावे लागत. "बाई, पोरगं तुमचं जेवतंय झकास," टॅकेट सांगायचा, "पण पुस्तकाला हात लावत नाही. तुम्ही एकदा झापा."

व्हर्नाचा नवरा इस्पितळात होता त्या उन्हाळ्यात दर आठवड्याला चार आडदांड पोरं येऊन तिच्या अंगणातलं गवत कापून जायची. कुणी पाठवलं ते पोरं सांगत नसत आणि टॅकेटही अवाक्षर काढत नसे.

पण माणूस कठोर होता. ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात सरावाच्या वेळी पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हा त्याचा नियम. पाण्याने माणूस मऊ पडतो, असं तो म्हणे. एका दुपारी रस्किन नावाचा पोरगा डोक्यावरच्या शिरस्त्राणासकट तोंडावर कोसळला आणि उठेना. रुग्णवाहिका येईपर्यंत व्हर्ना बर्फाच्या फडक्याने त्याची मान पुसत बसली. पोरगा वाचला. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तर मैदानाच्या कडेला पाण्याची दोन पिंपं उभी होती. टॅकेटने तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

टॅकेट निवृत्त झाला आणि डॅनफर्थ आला. गुळगुळीत केस, भारी सूट, समोर येईल त्याला ‘चॅम्पियन’ म्हणणारा. सामने त्याने जिंकून दिले, ते खोटं नाही. पण एका डिसेंबरात मोठ्या कॉलेजचं बोलावणं आलं आणि पोरांचा निरोपही न घेता तो चालता झाला. सकाळी कचेरीत जमलेल्या पोरांना ते सांगायची पाळी व्हर्नावर आली.

"आमच्याशी न बोलताच गेले?" त्यांचा कप्तान पुन्हा पुन्हा विचारत राहिला. व्हर्नाने सगळ्यांना कॉफी करून दिली.

त्यानंतर आला लमाँट एव्हरी. वयाने तरुण, आवाज हळू. पोरांना शिव्या नाहीत, ऊन चढलं की शिट्टी मारून सावलीत बसवायचा आणि पाणी प्यायला लावायचा. पहिले चारही सामने संघ हरला, तेव्हा गावातल्या डबच्या खानावळीत सगळ्यांच्या जिभा सुटल्या.

"मिस व्हर्ना," मऊ पावासारख्या बिस्किटावर रस्सा ओतत क्लीटस म्हणाला, "तुमचा नवा कोच पोरांना खेळवतो की पाळण्यात झोपवतो?" क्लीटस एके काळी टॅकेटच्या हाताखाली खेळलेला. गावातल्या इतरांसारखा तोही तिला आदराने ‘मिस’ म्हणे.

"क्लीटस, तू खेळत होतास तेव्हा बाकावर बसून विजारी झिजवल्यास," व्हर्ना म्हणाली. "गप खा."

सगळे हसले, क्लीटसही. पण मनातून तिलाही टॅकेटची आठवण यायची. एव्हरी दार हळूच लावायचा, आणि तिला वाटायचं, एकदा तरी ते टॅकेटसारखं दाणकन आपटावं.

टॅकेट आता गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होता. चाकाची खुर्ची आणि निम्मी विझलेली स्मृती. गुरुवारी व्हर्ना त्याला गाडीतून फिरवून आणायची. एका गुरुवारी तो म्हणाला, "मैदानावर चल." तिने एव्हरीला फोन केला.

"आणा ना, मिस व्हर्ना," तो म्हणाला. "मला भेटायचंच होतं त्यांना."

बातमी फुटली. सरावाच्या वेळी ती टॅकेटला घेऊन मैदानावर पोचली तेव्हा क्लीटस आणि खानावळीतले आणखी दोघे तिघे आधीच कुंपणाला टेकून उभे होते. म्हातारा आता नव्याची कशी बिनपाण्याने हजामत करतो ते त्यांना बघायचं होतं.

एव्हरीने टोपी काढून हात पुढे केला. टॅकेटने तो बघितलाच नाही. त्याची नजर समोरच्या फळीतल्या पोरांवर खिळली होती. "ए, तू," तो गरजला. तोच जुना आवाज. "बूड खाली कर. म्हशीसारखा काय उभा राहतोस? अजून खाली."

पोरगा गोंधळून एव्हरीकडे बघू लागला. एव्हरीने मान हलवली. पोरगा खाली वाकला, आणि पुढचा धक्का त्याने असा दिला की समोरचा दोन पावलं मागे गेला. मग बराच वेळ टॅकेट खुर्चीतून ओरडत राहिला, आणि एव्हरी त्याच्या बाजूला हात मागे बांधून शिष्यासारखा उभा राहिला. व्हर्नाचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आत्ता मागे वळून बघितलं तर तिचा नवरा गाडीशी उभा असेल.

मग एव्हरीने शिट्टी मारली. पोरं सावलीकडे धावली.

"थांबायला कुणी सांगितलं?" टॅकेटचा चेहरा लाल झाला.

एव्हरी त्याच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "मी सांगितलं, कोच. ऊन फार आहे."

टॅकेट त्याच्याकडे बघत राहिला. रागाच्या जागी हळूहळू काहीतरी दुसरं आलं. त्याने व्हर्नाचं मनगट पकडलं.

"त्या पोराचं काय झालं? रस्किनचं?"

"बरा आहे तो, कोच. ट्रक आहेत त्याचे. नातवंडं झाली."

"मी गेलो होतो. इस्पितळात. आत जाववलं नाही मला. गाडीतच बसून राहिलो." मग तो एव्हरीला म्हणाला, "पाणी दे त्यांना. पोटभर दे."

कुंपणापाशी क्लीटसने मान खाली घातली. परत जाताना त्याने टॅकेटची खुर्ची गाडीपर्यंत ढकलत नेली.

शनिवारचा सामना संघ हरलाच. त्या हंगामात जेमतेम दोन जिंकले. पण कॉलेजने एव्हरीला ठेवलं, आणि पुढच्या वर्षी हरण्यापेक्षा जिंकणं जास्त झालं. टॅकेट त्यानंतरच्या फेब्रुवारीत गेला. अंत्यविधीला रस्किन लांबून ट्रक चालवत आला. शवपेटीला खांदा द्यायला एक माणूस कमी पडत होता, तेव्हा क्लीटसने स्वतःहून एव्हरीला खूण करून बोलावलं.

वसंतात व्हर्नाने निवृत्त व्हायचं ठरवलं. एव्हरी तिच्या टेबलासमोर घुटमळला.

"ऑगस्टपर्यंत तरी थांबा, मिस व्हर्ना. नवी पोरं येतील. त्यांच्या आयांशी बोलायला मला जमत नाही."

"जमवावं लागेल बाळा," ती म्हणाली. "बस इथे. कुणाच्या आईपासून सुरुवात करायची?"

त्याने नाव सांगितलं, आणि तिने फोन जवळ ओढला.