रेषेपासून हातभर आत

टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागलेला असताना मी पडद्यावर दिसलो असतो, तर समजायचं की माझं काहीतरी चुकलंय. मी ज्या जागेवर खेळलो तिला कॉर्नरबॅक म्हणतात. मैदानाच्या अगदी कडेला उभं राहायचं, समोरच्या संघातला सगळ्यात वेगवान माणूस आपल्या वाट्याला येतो, त्याला रिसीव्हर म्हणतात, आणि त्याच्या हातात चेंडू पडू द्यायचा नाही. तुम्ही त्याला नीट चिकटून राहिलात तर चेंडू फेकणारा तुमच्या बाजूला बघतच नाही. खेळ दुसरीकडे होतो, कॅमेरा तिकडे जातो, आणि तुम्ही दुपारभर उलट्या पावलांनी धावत राहता. तक्रार म्हणून सांगत नाही. कामच तसं आहे.

आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हायला आलो तेव्हा मी मराठी शाळेत पाचवी संपवलेली होती. बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात डाय बनवायचे, म्हणजे गाडीच्या पत्र्याला आकार देणारे साचे. ते आयटीआय शिकलेले. कारखान्यात नोकरी लागली ती मात्र कबड्डीमुळे. कंपनीच्या संघात ते डावा कोपरा सांभाळायचे. साचे बसवून द्यायला कंपनीनं त्यांना इकडे पाठवलं, इथल्या एका लहान कारखान्याला त्यांचा हात आवडला, आणि त्यांनी कागदपत्रं करून बाबांना ठेवून घेतलं. आमच्या आसपासचे मराठी लोक सगळे इंजिनियर. ते ड्रॉइंग काढायचे, आमच्याकडे त्याचं लोखंड व्हायचं. आई दहावी झालेली. ती भारतीय किराणा दुकानात मागच्या बाजूला पोळ्या लाटायची. ह्यात लपवण्यासारखं काही नाही आणि मी कधी लपवलंही नाही.

शाळेत मला फुटबॉलच्या संघात घेतलं कारण मी भराभर पळायचो. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडायचं असतं, आणि पहिल्या आठवड्यात मला कुणाला पाडताच येईना. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "पाडायचं म्हणजे कुठं धरतोस?"

"खांद्याला."

"खांद्याला धरून कोण पडतंय लेका? म्हैस आहे का ती?"

रविवारी त्यांनी गाडी बाहेर काढली, गॅरेजच्या फरशीवर निळी चिकटपट्टी लावून चौकोन आखला आणि स्वतः लुंगी खोचून आत उभे राहिले. घोट्याची पकड त्यांनी मला तिथं शिकवली. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, कमरेकडे बघायचं. त्याचं पाऊल तुमच्याकडे पडून उचलायच्या आत खाली जायचं, घोटा धरायचा, छाती त्याच्या नडगीला लावायची, आणि मग जगबुडी झाली तरी सोडायचं नाही. आणि दुसरी गोष्ट रेषेची. कबड्डीत रेषेबाहेर पाय गेला की खेळाडू बाद. कोपऱ्याचा माणूस तर रेषेला लागूनच उभा असतो, त्यामुळे तो सगळ्यात आधी मरतो. माझी टाच निळ्या पट्टीला लागली की बाबा ओरडायचे, "मेलास! जा, बाहेर बस." आणि खरोखर बाहेर बसवायचे, दारातल्या उलट्या बादलीवर. पाठीमागे न बघता रेष कुठे आहे हे पायांना कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या पायांना ते कळायला लागलं. पाय रेषेपासून हातभर आतच थांबायचे, मी सांगायची गरज उरली नाही.

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत माझ्या हातून निसटून गेलेली माणसं फार नव्हती. पण मोठ्या विद्यापीठांचे कोच यायचे ते आमच्या चेंडू फेकणाऱ्याला बघायला. ते माझ्या शेजारून चालत जायचे, हसून मान हलवायचे. एकानं माझ्याकडे पाण्याची बाटली मागितली. मी दिली.

शेवटी जे छोटं कॉलेज मला "ये, खेळ" म्हणालं, तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती हा प्रकारच नव्हता. हे बाबांच्या डोक्यात बसेना.

"खेळलास तर फी माफ?"

"नाही."

"नोकरी लावणार?"

"नाही बाबा."

"मग त्यांचा संघ तुला काय देतो?"

"जर्सी देतात. परत घेतात सीझन संपला की."

आई म्हणाली, "जेवायला तरी घालतात का?"

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकांनी विचारलं, कुठल्या कॉलेजला? सांगितलं. "अच्छा. म्हणजे मोठ्या ठिकाणी ट्राय केलं नाहीस?" त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, विषय सांभाळायला म्हणून विचारलं, "पण खेळतोस ना तू? टीव्हीवर येतोस का?" मी नाही म्हणालो. काका म्हणाले, "इंजिनियरिंगकडे लक्ष दे. आपल्या लोकांचं बॉडी स्ट्रक्चर त्याला नाही यार." बाबा शेजारी उभे राहून मसालेभात खात होते. ते म्हणाले, "स्ट्रक्चरचं मी बघतो. तुम्ही वाढून घ्या."

चार वर्षं मी इंडस्ट्रियल इंजिनियरिंग शिकलो आणि कोपऱ्यावर खेळलो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेलं तोवर कुणी नव्हतं, आईकडून नाही आणि बाबांकडूनही नाही. मी ते लक्षात ठेवून अभ्यास करायचो. सामन्याच्या बसमध्ये गणितं सोडवायचो. मागच्या सीटवरचे चिडवायचे, मी सोडवत राहायचो.

शेवटच्या वर्षी एका सामन्यात समोरच्या संघात एक रिसीव्हर होता. उंच, सुरेख खेळायचा. त्याच्यासाठी एका व्यावसायिक संघाचा माणूस मुद्दाम गाडी चालवत आला होता आणि हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी त्या रिसीव्हरनं काहीच केलं नाही. आखूड चेंडू त्याला मिळायचा, आणि दुसरं पाऊल टाकायच्या आत मी त्याच्या घोट्याला असायचो. शेवटी तो वैतागून मला म्हणाला, "माझ्या पायात काय शोधतोयस तू?" तो पाहुणा दुसऱ्याला बघायला आला होता. पण माणूस पडत राहिला की कशामुळे पडतोय हे बघावंच लागतं. त्यानं जाताना आमच्या कोचला माझं नाव विचारलं आणि दोनदा उच्चारून घेतलं.

वसंतात फोन आला. त्याच्या संघाचं तीन दिवसांचं शिबिर होतं. करार नाही, पगार नाही. माझ्यासारखी बरीच मुलं बोलावतात, एखाद-दुसरा आवडला तर ठेवून घेतात. पुन्हा बोलावणं येत नसतं. आणि शिबिराचा मधला दिवस हाच आमच्या पदवीदानाचा दिवस होता.

माझा गाउन घरी आलेला होता. आईनं तो इस्त्री करून हँगरवर लावलेला. दोघांनी कामावरून रजा घेतलेली. मी स्वयंपाकघरात उभा राहून तारीख सांगितली. आईनं गॅस बारीक केला. बाबांनी विचारलं, "डिग्री मिळालीय ना पण? गेला नाहीस तर काढून घेत नाहीत?"

"नाही. पोस्टानं येईल."

"नोकरी?"

"ती पण आहे." नोव्हायजवळच गाड्यांच्या सीटच्या सांगाड्यांचा कारखाना आहे, तिथं मला घेतलेलं होतं.

"मग जा," बाबा म्हणाले. "मला कुणी तीन दिवस बोलावलं नाही कधी."

आई म्हणाली, "आम्ही जाऊन येतो कॉलेजला."

"मी नसताना?"

"रजा टाकलीय की. आणि मला बघायचंय काय असतं ते."

विमानतळावरून हॉटेलात नेणाऱ्या बसपाशी यादी धरलेल्या एका बाईनं मला दुसऱ्या गाडीकडे हात केला. डेटाचं काम बघणारे लोक तिकडे बसतायत म्हणाली. मी म्हणालो, मी कॉर्नरबॅक आहे. तिनं पुन्हा यादी बघितली, सॉरी म्हणाली. खोलीत माझ्याबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेकडचा एक कॉर्नरबॅक होता. त्यानं माझी बॅग ठेवायला जागा केली आणि विचारलं, "किकर का तू?" किकर म्हणजे नुसता चेंडूला लाथ मारणारा, त्याला कुणाच्या अंगावर जावं लागत नाही.

"नाही. कॉर्नर."

"मग तुला आणि मला एकाच खोलीत का ठेवलंय? एकानं दुसऱ्याला झोपेत मारावं म्हणून?" तो खूप बोलायचा. मला आवडला.

पहिल्या सकाळी मला कळलं की ह्या शिबिरात अंगावर जायचंच नसतं. छातीची, खांद्यांची कवचं घालत नाहीत, त्यामुळे कुणी कुणाला पाडायचं नाही. नुसतं पळणं, चिकटून राहणं, चेंडू अडवणं. ज्या एका गोष्टीसाठी मला बोलावलं होतं ती करायला मनाई होती. बरं, म्हटलं. पळू.

दोन दिवस माझ्याकडे चेंडू आले नाहीत, म्हणजे काम ठीक चाललं होतं. पदवीदानाच्या वेळेला मी मैदानावर होतो. पाणी पिताना एकदा घड्याळाकडे बघितलं, मग कोचनं शिटी वाजवली.

कॉर्नरच्या कोचचं एकच पालुपद होतं. बाजूची रेष म्हणजे तुमचाच माणूस आहे. ती चुकत नाही, दमत नाही. रिसीव्हरला तिच्याकडे ढकलत न्या, त्याची जागा संपवा. त्याचा पाय बाहेर पडला तर त्याचा झेल मोजत नाहीत. तुमचे पाय कुठेही पडले तरी कुणाला फरक पडत नाही. मला हे नवं नव्हतं. शाळेपासून ऐकत आलो होतो, परीक्षेत विचारलं असतं तर नीट लिहिलं असतं.

तिसऱ्या दिवशी, सराव संपत आला असताना, समोरचा रिसीव्हर कडेनं सरळ सुटला. मी त्याच्या आतल्या अंगाला, खांद्याला खांदा लावून होतो. चेंडू उंच आणि बाहेरच्या बाजूला आला. रेष आम्हा दोघांच्याही अगदी जवळ होती. आणखी एक पाऊल मी त्याच्या अंगात टाकलं असतं तर त्याला उभं राहायला जागा उरली नसती. मी तिरका झालो, हात वर केला, आणि माझा पाय थांबला. रेषेच्या आत, हातभर. मी थांबवला नाही. तो थांबला. त्या हातभर जागेत रिसीव्हर वाकला, दोन्ही पायांचे चवडे गवतावर टेकवले, चेंडू छातीशी घेतला आणि मग बाहेर पडला. ह्या पातळीवर झेल मोजायला दोन्ही पाय आत लागतात. त्याचे लागले. शिटी वाजली. तो उठून मला म्हणाला, "थँक्स, मॅन," आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

दुपारी कोचनं एकेकाला बोलावलं. माझ्याशी तो नीट बोलला. म्हणाला, पायात शिरून पाडणं तुझ्यासारखं इथं कुणाला येत नाही, तुझ्या सामन्यांच्या फिल्ममध्ये बघूनच बोलावलं. पण तू रेषेपाशी जागा सोडतोस. तिन्ही दिवस सोडलीस. कुणी शिकवलं तुला असं? मी म्हणालो, सवय आहे. त्यानं हात मिळवला. माझ्या खोलीतल्या मुलालाही ठेवलं नाही. विमानतळावर त्यानं मला अर्धं सँडविच दिलं आणि म्हणाला, "आता तरी सांग, किकर होतास ना?"

घरी आलो तर आई ओट्याशी होती आणि बाबा तिच्या समोर स्टुलावर. निकाल फोनवर सांगितलेला होता. मी आधी त्यांचं विचारलं. समारंभ आमच्या फुटबॉलच्या मैदानावरच झाला होता. गवतावर खुर्च्या मांडलेल्या, खाली पांढऱ्या रेषा तशाच. बाबा म्हणाले, "तुझा कोपरा दाखवला हिला. तिथं आइस्क्रीमचा तंबू होता." आई म्हणाली, "एका पोराला कुणी टाळ्याच वाजवेनात. कुणी आलं नसेल त्याचं. मग मी वाजवल्या. उभं राहून." बाबा म्हणाले, "लोक समजले आमचाच."

मग बाबांनी विचारलं, "काय म्हणाले ते?"

मी कोचची दोन्ही वाक्यं सांगितली, आधी पाडण्याचं, मग रेषेचं. पहिल्या वाक्याला बाबांनी मान हलवली. दुसऱ्याला नाही.

आईनं विचारलं, "म्हणजे तुझा पाय बाहेर गेला असता तरी चाललं असतं?"

"हो."

"बाद नाही?"

"नाही. फक्त चेंडू घेणाऱ्याचा बघतात."

"मग आखतात कशाला ती रेष?"

बाबांनी स्टुलावरून वाकून स्वतःचा घोटा चोळला. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलंय, आणि ते तसं म्हणाले तर मी काय म्हणायचं ह्याची मी तयारी करत होतो. पण ते म्हणाले, "कोपऱ्याच्या माणसाला रेषेची भीती पाहिजेच. ती नसती तर तू शाळेतच संपला असतास." आणि मग, "त्यांच्या खेळात उलटं आहे, तर आहे." ते स्वतःच्या विद्येच्या बाजूनं उभे राहिले. मला बरं वाटलं.

आई गाउन घेऊन आली. उद्यापासून तू कारखान्यात जाणार, मग कधी घालणार, आत्ताच घाल, म्हणाली. टोपीही घातली. बाहेर वारा होता म्हणून गॅरेजमध्ये उभं राहायचं ठरलं. फरशीवर ती निळी पट्टी अजून आहे, टायरखाली घासून घासून जागोजागी गेलेली, दारापाशी मात्र शाबूत. मी चौकोनात उभा राहिलो. बाबांनी फोन डोळ्यांसमोर धरला, खाली केला, पुन्हा धरला.

"तोंड दिसत नाही. अंधार येतोय. पुढं ये."

मी पुढे आलो आणि पट्टीच्या अलीकडे थांबलो.

"अजून," बाबा म्हणाले. "ये बाहेर उन्हात."

आईनं माझी टोपी सरळ केली. मी पट्टीवरून पाय टाकला आणि बाहेर उभा राहिलो. बाबांनी फोटो काढला. त्यात माझे डोळे ऊन लागल्यानं बारीक झालेत, पण चेहरा दिसतो.