सारवलेले पटांगण

खळीचा आंबूस वास कुठूनही आला, की मला ते पटांगण आठवते, आणि त्यापाठोपाठ माझे स्वतःचे वळणदार, मोत्यासारखे अक्षर आठवते. त्या अक्षराचा मला एके काळी फार अभिमान होता.

उन्हाळ्यात सोलापूरला सकाळ म्हणून जी काही मिळते ती घटका-दीड घटकेची. तेवढ्यात जे सोसवेल ते करून घ्यावे, पुढचा सारा दिवस सूर्याचा. पूर्वभागातल्या त्या पटांगणावर विणकरांनी ही घटका पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवली होती. उजाडता उजाडता या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा लांबच लांब ताणा पसरला जाई, बांबूच्या घोड्यांवर तोलला जाई, आणि पेजेची खळ लावून दोन्ही अंगांनी माणसे मोठाले कुंचे फिरवत सावकाश चालत राहत. याला ते पांजणी म्हणत. खळ प्यालेले सूतच मागावर टिकते, एरवी तटातट तुटते. किरमिजी, हळदी, पोपटी अशा त्या ओल्या धाग्यांवरून कोवळे ऊन सरकत जाताना मी रोज सायकल थांबवून पाहत असे आणि मग कचेरीत जाऊन टेबलावर वाकत असे.

गावातल्या नव्या बांधकामांचे नकाशे जिथे तपासले जात, त्या कचेरीत मी आरेखक होतो. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. एके दिवशी त्याच पटांगणाचा नकाशा माझ्यापुढे आला. खाली दुकानांच्या रांगा, वर तीन मजले बिऱ्हाडे, मधोमध जिना. नकाशा सुंदर होता, हे कबूल करायला हवे. त्या निळ्या रेघांत एक नवे, सुखवस्तू सोलापूर उभे होते, आणि ते पाहून मीही क्षणभर हरखलो होतो. जागा एका व्यापाऱ्याच्या नावावर होती. विणकरांजवळ कागद नव्हता, होती ती फक्त वहिवाट.

हरकती मागवल्या गेल्या तेव्हा मल्लय्या कचेरीत आला. साठीचा, काटक, कुंचा धरून धरून उजवा खांदा कायमचा कललेला असा हा माणूस गल्लीचा म्होरक्या होता. त्याने सर्वांच्या अंगठ्यांचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, घर नको, दुकान नको. ताण्यापुरती पट्टी सोडा म्हणावं. तेवढी गेली तर माग बंदच की."

मागणी रास्त होती, आणि आमचे वरिष्ठ साहेबही काही दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांनी ठरवले, की प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहू. रोजचा वापर डोळ्यांना दिसला, तर बांधकाम मागे सरकवून पट्टी सोडायला लावू. त्यासाठी मुद्दाम सकाळची वेळ नेमली. मला इतका आनंद झाला, की आदल्या संध्याकाळी मी स्वतः सायकल मारत पटांगणावर गेलो आणि मल्लय्याला बातमी दिली. उद्या सकाळी साहेब मंडळी येणार आहेत, असे सांगितले, आणि निघता निघता, जिभेला हाड नसलेल्या माणसाने बोलावे तसे, आणखी चार शब्द बोललो. "जरा सगळं नीटनेटकं ठेवा."

त्या चार शब्दांनी घात केला. पाहुणा येणार म्हटले, की या गल्लीत आधी झाडू उचलला जातो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्यांच्या उंबऱ्यावरच्या रोजच्या रांगोळ्या मी पाहत होतोच. पण ठाऊक असणे आणि वेळेवर आठवणे यांत जे अंतर असते, त्यात माणसे बुडतात.

सकाळी आमची मंडळी पोचली तेव्हा पटांगण आरशासारखे लख्ख होते. ताणा नव्हता. घोड्या नव्हत्या. ताणा बांधायच्या खुंट्या उपटून त्यांच्या खळग्यांत माती भरून वरून शेणाने सारवले होते, सडा शिंपडला होता, आणि मधोमध बायकांनी ठिपक्यांची भलीमोठी रांगोळी घातली होती. खळीच्या वासाच्या जागी ओल्या शेणाचा प्रसन्न वास दरवळत होता. सगळी गल्ली धुतलेले कपडे घालून, हात जोडून कडेला उभी होती.

साहेब रांगोळीला वळसा घालून चालले. खरोखर कौतुकाने म्हणाले, "काय स्वच्छता आहे!" मग विचारले, "पण तुमचा तो ताणा कुठे असतो?"

मल्लय्या अभिमानाने हसला. "तुमी येणार म्हणून काढून ठिवला की साहेब. रातीतच समदं हलवलं."

साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "लिहा. जागा मोकळी आढळली. वापर तात्पुरता, एका रात्रीत हलवता येण्याजोगा."

मी लिहिले. मला बोलता आले असते. मी रोज इथून जातो, मीच यांना आवरायला सांगितले, उद्या न सांगता येऊ, एवढीच तीन वाक्ये होती. ती ओठांपर्यंत आली आणि नोकरीचा कागद आठवून परत गेली. मल्लय्याने खाली अंगठा उठवला, कारण साहेबांनी स्वच्छतेबद्दल लिहायला सांगितले असणार असे त्याला वाटले. वाचून दाखवायचे काम माझे होते. मी ते केले नाही.

पावसाळ्याआधी पाया खणला गेला. दोनच वर्षांत इमारत उभी राहिली. खाली कापडाचे दुकान निघाले, तिथे गिरणीच्या साड्या मिळतात. गल्लीतले माग एकेक करून मोडीत निघाले. मी कायम झालो.

गेल्या वर्षी मल्लय्या रस्त्यात भेटला. एका कारखान्यावर रखवालीला होता, पण खांदा अजून तसाच कललेला. मी सायकलवरून उतरलो. वाटले, हा आता विचारील, आणि विचारले तर बरे होईल. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "पटांगण गेलं, ते नशिबात नव्हतं," तो म्हणाला. "पण साहेब, आदल्या दिशी तुमी येऊन सांगितलं, हे लई बरं केलं. न्हाई तर त्या मोठ्या मानसांनी आमचा पसारा बगितला असता. तुमी लाज राखली."

मी काहीच बोललो नाही. त्या सकाळीही बोललो नव्हतो, म्हणजे सवय होतीच.

आता घरी कुणी येणार असले, की बायको लगबगीने आवरायला लागते, उशा रचते, मुलांची दप्तरे फळीमागे ढकलते. मी तिला म्हणतो, राहू दे, असू दे तो पसारा, बघू देत लोकांना. ती हसते, हा माणूस आळशी आहे, असे तिला वाटते. मी तिलाही अजून सांगितलेले नाही.