घडा घेतलेल्या बाईची मुद्रा

तारिबातुमचा गुत्ता जवळपास चार हजार वर्षांपूर्वीच्या सिप्पर शहरात नदीच्या धक्क्याजवळ होता. तिच्या हातच्या जवाच्या दारूसाठी गिऱ्हाईक दोन-दोन गल्ल्या तुडवत यायचं. पण करारावर साक्ष द्यायची म्हटली की तिची गत चारचौघींसारखीच. स्वतःची मुद्रा नाही, म्हणून ओल्या मातीच्या पाटीवर वस्त्राचा काठ दाबायचा. एकदा तिच्याच कोठीच्या कराराचा वाद निघाला, तेव्हा शेजारचा खजूरवाला न्यायाधीशांपुढे म्हणाला, "काठच तो, कुणाचाही असेल!" कोठी हातची गेली.

दुसऱ्याच दिवशी ती मुद्रा कोरणाऱ्या म्हाताऱ्या अपिलकडे गेली. अपिलने बोटाच्या पेराएवढी, लाटण्यासारखी गोल दगडी मुद्रा मातीवर फिरवून दाखवली. सिंहासनावर सूर्यदेव शमश, खांद्यांतून किरणं फुटलेली. देवी लमा एका मुंडण केलेल्या भक्ताचा हात धरून त्याला देवापुढे नेत होती.

"हा कोण बाप्या?" तारिबातुमने विचारलं.

"भक्त. सगळे हाच घेतात."

"घेऊ देत. देवी हात धरणार तो माझा धरू दे. आणि दुसऱ्या हातात माझा घडा पाहिजे."

"अगं बाई, देवापुढं दारूचा घडा?"

"मग देवळात रोज काय पाणी ओततात?"

म्हातारा खोकला येईस्तोवर हसला. "सगळं उलटं कोरावं लागतं, बये. वेळ लागेल."

"लागू दे. मी कुठं पळून चाललेय?"

मुद्रा गळ्यात आली त्याच महिन्यात हुशुतुम या विधवेने घर विकत घेतलं आणि तारिबातुमने त्या करारावर पहिल्यांदा आपली मुद्रा लाटली. वर्षभरात तोच खजूरवाला त्या घरावर हक्क सांगत उभा राहिला.

शमशच्या देवळाच्या दारात पाटी आणली गेली. खजूरवाल्याने ठशाकडे पाहिलंही नाही. "कुणाचाही असेल!"

"बाई, मुद्रा लाट," न्यायाधीश म्हणाले.

तिने गळ्यातला दोरा सोडला. नव्या मातीवर मुद्रा फिरली आणि एकेक जण उमटत गेला: देव, देवी आणि ठसठशीत घडा घेतलेली लठ्ठ बाई. जुना ठसा शेजारी ठेवला. न्यायाधीशांनी मान वर करून तारिबातुमकडे पाहिलं, मग मातीतल्या बाईकडे, आणि त्यांच्या मिशीतलं हसू काही लपेना.

"काय हो," ते खजूरवाल्याला म्हणाले, "अशी बाई सिप्परमध्ये आणखी कुठं पाहिलीत?"

गर्दी खो-खो हसली. घर हुशुतुमचंच राहिलं. ती तारिबातुमच्या गळ्यात पडून रडायला लागली. तारिबातुम मात्र देवळाच्या पायऱ्या मुद्दाम सावकाश, ताठ मानेने उतरली. सगळ्यांनी बघावं म्हणून.

पुढच्या आठवड्यात अपिलच्या दारात बायकांची रांग लागली. सुईणीला देवीपुढे कडेवर मूल हवं होतं, विणकरणीला हातात सूत कातायची चाती. म्हातारा कुरकुरत, खुशीत छिन्नीला धार लावायला बसला.