गाडीचं कपाळ

चालती मोटरसायकल वाटेत बंद पडली की माणसं वैतागतात. आमचे हवालदारमामा खूश व्हायचे. गाडीनं दोन आचके दिले की त्यांच्या मिशा फुलायच्या. गाडी कडेला घ्यायची, स्टँडवर चढवायची, हेल्मेट आरशाला अडकवायचं आणि आल्यागेल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "आता बघा, कसं निदान करतो!" निदान दर वेळी वेगळं असायचं आणि दर वेळी चुकायचं. तरी गाडी चालू व्हायचीच, त्यामुळे त्यांना चूक म्हणायची सोय नव्हती.

मामा पाटणजवळच्या एका वाडीचे. फौजेत त्यांनी ना ट्रक चालवला ना दुरुस्त केला. ते बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. पण ढोल वाजवणाऱ्याला इंजिन आपोआप कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. "ठेका ऐक रं भाच्या," मला मागे बसवून ते ओरडायचे, "लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट चाललंय तवर गाडी तंदुरुस्त. लेफ्ट-लेफ्ट झालं की समजायचं, पोटात गडबड हाय." मग आम्ही दोघे मल्हारपेठेच्या रस्त्यानं माना तिरप्या करून इंजिन ऐकत जायचो. समोरून येणाऱ्यांना वाटायचं, दोघांचीही मान अवघडलीय.

त्यांच्या उपचाराचा क्रम ठरलेला होता. आधी टाकीचं झाकण उघडून आत एक डोळा लावायचा. पेट्रोल असायचंच. झाकण लावून मग गाडीला धरून गदागदा हलवायचं. प्लग काढून पँटीवर घासायचा, फुंकायचा, परत बसवायचा. मामांच्या सगळ्या पँटींना उजव्या मांडीवर काळा पट्टा होता. शेवटी सीटवर थाप मारून म्हणायचं, "चल गं बाई, माझी अब्रू राख." आणि किक मारली की गाडी सुरू! मामा मिशीवरून हात फिरवत निकाल सांगायचे, "प्लग होता." कधी "कचरा होता." एकदा आमच्या चुलतभावाकडे बघून म्हणाले, "नजर होती."

हा आजार गाडीला दसऱ्यानंतर जडायचा आणि दिवाळी उलटली की आपसूक बरा व्हायचा. एरवी वर्षभर ती घोड्यासारखी पळायची. "दसऱ्याचं ऊन तिला बाधतं," मामा सांगायचे. मी त्यांना मोबाइलवर दुरुस्तीचे व्हिडिओ दाखवले. दोन मिनिटं बघून त्यांनी फोन परत केला. "ह्यो गडी हातानं बघतोय. कानानं बघाय पायजे."

मामी त्या गाडीला 'सवत' म्हणायची. सवतीला पुसायला मऊ फडकं आणि मला धुवायला जाडं लुगडं, हे तिचं नेहमीचं वाक्य. पण खंडेनवमीला हीच मामी पहाटे उठून सवतीला न्हाऊ घालायची. झेंडूची माळ, नारळ, आणि हळदीकुंकवाचा घट्ट लेप. तो लेप ती पेट्रोलच्या झाकणावर दाबून लावायची, वर अक्षता. मी एकदा विचारलं, "मामी, झाकणावर का?" तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जिथनं पिती ते तोंड. तोंडाच्या वर कपाळ. एवढं कळंना व्हय तुला?"

एका वर्षी दसऱ्यानंतर वाईला मामीच्या भाचीचा साखरपुडा होता. मामा-मामी मोटरसायकलवर आणि मी मागं माझ्या स्कूटरवर, असं निघालो. निघताना मामीनं नवी साडी सावरली आणि जाहीर केलं, "आज जर ही वाटंत बंद पडली, तर दिवाळीच्या आधी घरातनं गेली म्हणून समजा. मी तरी ऱ्हाईन न्हाईतर ती."

"फस्ट किक वाईला थांबंल," मामा म्हणाले. पण टाकी गच्च भरताना त्यांचा चेहरा जरा उतरलेला होता. फौजेतून आल्यावर त्यांनी ती गाडी घेतली होती. ढोल सुटल्यावर हाताला आणि कानाला दुसरं काही उरलं नाही, ते हिनं दिलं, असं ते एकदा मला बोलले होते. मामीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हेही त्यांना माहीत होतं.

उंब्रजच्या अलीकडेच गाडीनं आचके दिले. मामी उतरली, मैलाच्या दगडावर पदर पसरून बसली आणि आभाळाकडे बघू लागली. ही शांतता शिव्यांपेक्षा वाईट होती. मामांनी सगळे उपचार केले, गाडी निघाली, आणि साताऱ्याच्या अलीकडे परत तेच. "लेफ्ट-लेफ्ट," मामा पुटपुटले. पहिल्यांदाच त्यांच्या मिशा पडलेल्या दिसल्या.

या वेळी मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मामांनी झाकण उघडलं आणि 'फुस्स' असा आवाज आला, बराच वेळ दम कोंडलेल्या माणसानं श्वास घ्यावा तसा. मी झाकण हातात घेऊन पाहिलं. टाकीत हवा जायला वर बारीक भोक असतं. त्यात मामीचं कुंकू वाळून दगड झालं होतं, वर एक अक्षताही रुतलेली. आत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. इतकी वर्षं मामांनी प्लगला मान दिला आणि गाडी चालू होत होती ती नुसती झाकण उघडल्यानं!

मला हसू आवरेना. "मामा, मामीला सांगा की! गाडी वाचंल!"

मामांनी माझं मनगट धरलं. "गप. तिला ह्यातलं काय सांगायचं न्हाई."

"आवं, पण गाडी जाईल!"

"जाऊ दे. वरीसभर सवत म्हनती आन त्या एका दिशी पोरीगत न्हाऊ घालती. सांगितलं तर पुना हात लावायची न्हाई, आन आपल्याच हातानं व्हायचं म्हणून झुरत बसंल." मग मोठ्यानं, "अगं, साडीची एक पिन दे जरा!"

मामीनं पिन दिली. मामांनी तिच्याकडे पाठ करून भोक साफ केलं. त्यानंतर गाडी वाईच्या घाटापर्यंत अशी लेफ्ट-राइट गेली की मला स्कूटरवर गाठता येईना. उतरल्यावर मामीनं विचारलं, "काय झालतं?"

"प्लग," मामा म्हणाले.

दिवाळीच्या तोंडावर मलकापूरहून गाडी घेणारा आला. मामा ओट्यावर बसून दाढी नसलेली हनुवटी खाजवत होते. मला राहवत नव्हतं, पण त्यांनी डोळ्यांनीच दटावलं होतं. तेवढ्यात मामी हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. "जाती तर ओटी-कुंकवाबिगर कशी जाईल," म्हणत तिनं झाकणाकडे बोट नेलं.

"मावशी, तिथं नगा," तो गडी म्हणाला. "हवंचं भोक हाय ते. बुजलं की गाडी वाटंत बंद पडती."

मामीचं बोट तसंच राहिलं. तिनं झाकणाकडे पाहिलं, मग मामांकडे. मामा घाईघाईनं कौलं मोजू लागले.

"आवं, प्लग म्हणालासा न्हवं?"

"प्लगबी होताच की," मामा म्हणाले.

मामी आधी रडली, मग इतकी हसली की ताट मला धरावं लागलं. गिऱ्हाइकाला तिनं फक्कड चहा पाजला आणि हात जोडून वाटेला लावलं. तेव्हापासून कुंकू गाडीच्या पुढच्या दिव्यावर लागू लागलं आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. मामा त्यामुळं जरा उदासच असायचे. नादुरुस्त नसलेल्या गाडीत त्यांना काही रस वाटत नसे.

मामा गेले, त्याला वर्ष झालं. गाडी मामीनं मला दिली. यंदा खंडेनवमीला मी ती वाडीवर घेऊन गेलो. मामीनं गाडी न्हाऊ घातली, माळ घातली, दिव्याला कुंकू लावलं. मग थोडं थांबून बोटावर घट्ट लेप घेतला आणि झाकणावरच्या त्या भोकावर नीट दाबून बसवला.

"मामी, आवं, तिथं—"

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "यंदा असू दे. वाटंत एकदा बंद पडू दे. तेवढीच त्यांची आठवण निघंल."

मल्हारपेठेच्या पुढं गाडीनं दोन आचके दिले. मी ती कडेला घेतली, हेल्मेट आरशाला अडकवलं. झाकण उघडलं, 'फुस्स' झालं. एवढ्यानं भागलं असतं. पण मी गाडी गदागदा हलवली, प्लग काढला, नव्या कोऱ्या पँटीवर घासला, सीटवर थाप मारली. मामा फार आठवले, आणि हसूही येत होतं. किक मारली, गाडी सुरू झाली. मग मामीला फोन लावला.

"बंद पडली," मी म्हणालो.



"काय झालतं?" मामीनं विचारलं.

"प्लग," मी म्हणालो.

"व्हय," मामी म्हणाली, "प्लगच असंल."