शंभर टक्के निकालाचे परब सर

परब सर गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. डोंबिवलीच्या बाजारात मेथी बघत उभी होते. ‘आपले लाडके मुख्याध्यापक...’ आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. मीही हात जोडून टाकले नि मेथीची जुडी पिशवीत घातली. रडू आलं नाही. आज महिना होत आला, अजूनही आलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग शाळेने स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागायला नको होता.

ठाण्यातल्या आमच्या महापालिकेच्या शाळेत मी बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. माणूस कष्टाळू, हे मी नाकारत नाही. रविवारीसुद्धा पाचवीची पोरं घेऊन बसायचे, घरून शेंगदाण्याचे लाडू आणायचे, एक पैसा न घेता शिकवायचे. सगळा जीव त्या विशेष वर्गात. पालिका शाळांमधली हुशार मुलं परीक्षा घेऊन निवडायची आणि सहावीपासून त्यांचा वेगळा वर्ग भरवायचा. निवडक शिक्षक, प्रयोगशाळा, दहावीपर्यंत सगळं मोफत. परीक्षा पाचवीतच, आयुष्यात एकदा. आमच्या शाळेतून बसलेलं प्रत्येक मूल पास व्हायचं. शोकसभेत झाडून सगळे तेवढंच बोलले, शंभर टक्के निकाल, शंभर टक्के निकाल!

तो कसा लागायचा ते कुणी बोललं नाही, म्हणून मी सांगते. फॉर्म भरायच्या आधी सर स्वतःची एक चाळणी परीक्षा घ्यायचे. त्यात जो मागे पडला त्याला फॉर्मच द्यायचा नाही. चाळीसच्या वर्गातली बारा-तेरा मुलं बसायची नि अर्थातच पास व्हायची. उरलेल्यांना संधीच नव्हती, मग नापास कोण होणार? आम्ही शिक्षकही त्या निकालाचे पेढे वाटत फिरायचो.

सायली माझ्या वर्गात होती. तिची आई घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये घरकाम करायची. फळ्यावर गणित लिहून मी मागे वळायच्या आत शेवटच्या बाकावरून पोरगी उत्तर सांगून मोकळी! चाळणीच्या दिवशी धाकटा भाऊ तापाने फणफणलेला, आई कामावर, त्याला शेजारी सोपवून ती अर्धा तास उशिरा आली. अर्धा पेपर कोरा राहिला. सरांनी नाव कापलं.

त्याच वर्षी टॉवरमधल्या दोन मुलांना मात्र फॉर्म मिळाले. जागा पालिका शाळेच्या मुलांसाठी, म्हणून त्यांच्या आईबापांनी जूनमध्ये आमच्याकडे कागदावर प्रवेश घेतला होता. मुलं जायची खाजगी शाळेत आणि महागड्या क्लासला. आमच्या बाकावर एक दिवस बसली नाहीत. त्यांची हजेरी रोज मी लावायचे. हो, मीच.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सायलीला बसू द्या, ती नक्की निघेल.

“बाई, एका पोरीपायी मी शाळेचा निकाल खाली आणू?”

“आणि ती टॉवरमधली दोघं, सर?”

“त्यांची खात्री आहे.”

आवाज चढला नाही, काही नाही. लाडवाचा डबा पुढे केला... आणि मी लाडू घेतला. माझा गोपनीय अहवाल त्यांच्या हातात होता, बदली डोक्यावर होती. कारणं काय, पैशाला पासरी.

दुसऱ्या दिवशी सायलीची आई गेटवर उभी. मी सांगून टाकलं, फॉर्म संपले हो ताई. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, “माझंच चुकलं बाई. मीच फॉर्म घ्यायला उशिरा आले.”

ती दोघं निवडली गेली. सायली यंदा दहावीला आहे, जवळच्याच एका शाळेत. तिची बाई सांगत होती, गणिताच्या तासाला गप्प बसून असते. सायली शोकसभेला आली होती. सरांच्या फोटोला वाकून नमस्कार केला, मग माझ्याही पाया पडली. फॉर्म खरंच संपले होते असं तिला अजून वाटतं. तिथे तिला खरं सांगायला हवं होतं, ते माझ्याच्याने झालं नाही. आता ती हे वाचेल. वाचूच दे.

सरांच्या खुर्चीवर सध्या प्रभारी म्हणून मी बसते. गेल्या सोमवारी पाचवीच्या नव्या शिक्षिकेने यंदाची यादी आणली. चौदा नावं. चाळणी परीक्षा घ्यायला तिला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणाली, सरांची पद्धत आहे ना मॅडम. मी हजेरीपट मागवला आणि वर्गात रोज बसणारी सगळी नावं तिच्यादेखत एकेक करून यादीत चढवली, अगदी पाढे न येणाऱ्यांचीसुद्धा.

“मॅडम, निकाल पडेल.”

“पडू दे.”

एवढंच तर म्हणायचं होतं, सर समोर बसले होते तेव्हा.